फियाट डिलाइटच्या न मिळणाऱ्या पिना, बुश आणि क्लिपा घरी करताना

डिलाइटवाला (पुणे)

वडिलांची १९६९ची फियाट ११०० डिलाइट गेली दोन वर्षं दुरुस्त करून पुन्हा उभी करतोय. इंजिन झालं, पत्रा झाला, रंग राहिलाय. इंजिनाने फार छळलं नाही. ६८ बोअर, ७५ स्ट्रोक, १०८९ सीसी. सगळं उघडून समोर मांडता येतं आणि हे इंजिन हाताखालून गेलेले मिस्त्री अजून आहेत. काम अडलंय ते मुठीत मावेल एवढ्या सामानापाशी: दाराच्या बिजागरीच्या पिना, बाजूच्या क्रोम पट्टीच्या क्लिपा, हातगिअरच्या, म्हणजे स्टिअरिंगखालच्या गिअरच्या, दांड्यांचे बुश (दांडा ज्यात फिरतो त्या छोट्या नळ्या), सीटखाली पत्र्याला वेल्डने चिकटवलेले नट.

टॅक्सी होत्या तोवर हा प्रश्नच नव्हता. डिलाइट १९६४ साली आली आणि पुढे तिचीच पद्मिनी झाली. मुंबईत काळ्या-पिवळ्या रोज रस्त्यावर होत्या, म्हणून त्यांचं बारीकसारीक सामान बनत होतं, विकलं जात होतं. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून उतरली. कुर्ल्याला गेलो तर दुकानदाराने माळ्यावरून खोकं काढलं. त्यात उजव्या बाजूची एकही बिजागरी नव्हती. पुण्यात जुन्या बाजाराचे चार रविवार घातले, तिथेही नाही. मग ठरवलं की करूनच घ्यायचं.

पहिली पिन करताना जे शिकलो ते सविस्तर लिहितो, कारण आधी कुणी सांगितलं असतं तर माझा महिना वाचला असता.

ड्रायव्हरच्या बाजूचं दार हाताने जरा उचलल्याशिवाय लागत नव्हतं. खालच्या बिजागरीची पिन ठोकून काढली. दोन्ही टोकं नव्यासारखी आणि मध्ये कंबर पडलेली. मी ती पिन एका लेथवाल्याकडे दिली आणि म्हटलं, अशीच करून द्या. त्यांनी अक्षरशः तशीच करून दिली, मधल्या मापाची. चूक माझी. घरी येऊन व्हर्नियर लावला तेव्हा कळलं: डोक्याच्या खाली, जिथे पिन कानात घट्ट बसते आणि फिरतच नाही, तिथे ७.९८ मिमी, आणि मध्ये ७.३५. म्हणजे पिनेचं खरं माप फक्त त्या न फिरणाऱ्या जागी शिल्लक होतं.

दुसरी पिन पूर्ण ८ची केली, कडक पोलादाची, पाणी देऊन. लावली, तरी दार खाली. कारण भोकही झिजलं होतं, आणि गोल नव्हे, लांबट. दाराचं वजन सतत एकाच दिशेने ओढतं ना! गोल पिन लांबट भोकात टाकून काय होणार? वर कडक पिनेने उरलेली बिजागरी आणखी खाल्ली असती.

तिसऱ्या खेपेला नीट झालं. फिरणाऱ्या पाकळीचं भोक मोठं करून गोल करून घेतलं, त्यात गनमेटलचे (तांब्याच्या मिश्रधातूचे) बुश दाबून बसवले. बुश बाहेरून भोकापेक्षा दोन-तीन शतांश मिलिमीटर मोठे ठेवले. दाबल्यावर बुश आतून आवळतो, म्हणून आतलं माप आधी पूर्ण करायचं नाही. बसवल्यानंतर, दोन्ही पाकळ्या एकत्र धरून, रीमर (भोक अचूक मापाचं करणारं हत्यार) एका दमात आरपार न्यायचा, म्हणजे सगळी भोकं एका रेषेत येतात. पिन ईएन ८ जातीच्या पोलादाच्या ब्राइट बारची, मध्ये ग्रीससाठी बारीक खाच. झिजायचं तर बुशने झिजावं, तो पुन्हा घालता येतो.

माझं ८चं माप कुणी डोळे झाकून घेऊ नका. या गाड्यांच्या बिजागऱ्या पन्नास वर्षांत कुणीतरी कधीतरी मोठ्या करून ठेवलेल्या असतात. आपापल्या पिनेचं न झिजलेलं टोक मोजा.

आता अडलोय क्लिपांवर आणि गिअरच्या बुशवर. कुणी केलंय का?

उद्यमनगरी (कोल्हापूर)

पिनेचं लई झकास लिहिलंय. आमच्या उद्यमनगरात रोज हेच बघतो. गिऱ्हाईक झिजलेला माल आणून टाकतंय आणि म्हणतंय, सेम टू सेम. सेम म्हणजे कुठलं सेम? झिजलेलं का नवं असतानाचं? पहिला हाच प्रश्न विचारायचा.

क्लिपांसाठी स्प्रिंगचा पत्रा हुडकत हिंडू नका. कापसाच्या, सुताच्या गाठींना बांधलेली लोखंडी पट्टी येते बघा, निळसर काळी. इचलकरंजीकडं भंगारात किलोवर मिळती. वाकवली तर परत उसळती, तीच आपल्याला पायजे. साध्या पत्र्याची क्लिप एकदा दाबली की दाबलेलीच राहती, आणि क्रोम पट्टी पहिल्याच खड्ड्यात रस्त्यावर.

चौकोनी बारचा एक तुकडा घ्या, क्रोम पट्टीच्या आतल्या रुंदीपेक्षा किंचित कमी. त्यावर पत्रा ठेवून शेगड्यात, म्हणजे आपल्या व्हाइसमध्ये, दोन्ही बाजूनं आवळायचं. उसळून जेवढं उघडतंय तेवढं बरोबर माप येईपर्यंत बार कानशीनं कमी करत जायचा. एकदा बार जमला की पन्नास क्लिपा एका बैठकीत.

जीपताई (नाशिक)

माझी गाडी वेगळी, सासऱ्यांची जुनी जीप, पण एक गोष्ट इथे लिहायलाच हवी. नवं सामान करायच्या आधी गाडीचे आटे कुठल्या जातीचे आहेत ते ठरवा.

फियाट इटालियन, त्यामुळे तुमचे आटे मिलिमीटरचे. माझी जीप अमेरिकन घराण्याची, सगळे इंचातले. आणि आपल्याकडे मेकॅनिकने चाळीस वर्षं जो हाताला आला तो बोल्ट घुसवलेला असतो. अडीच सूत, म्हणजे ५/१६ इंची बोल्ट ७.९४ मिमीचा; ८चा बोल्ट ८चा. डोळ्याला फरक दिसत नाही. पण बारीक आट्याच्या ५/१६मध्ये इंचाला २४ आटे, म्हणजे एका आट्याला १.०६ मिमी, आणि ८च्या साध्या बोल्टला १.२५. नट दोन आटे छान फिरतो आणि मग जड होतो. तिथे लोक म्हणतात 'गंज असेल', आणि पाना लांब करून ओढतात. आटे गेले.

माझ्या जीपच्या रेडिएटरच्या चौकटीत असे चार निघाले. हाताने दोन आट्यांपुढे जात नसेल तर थांबा आणि पिच गेज, म्हणजे आट्यांमधलं अंतर मोजायची पानं, लावा. शंभर-दोनशे रुपयांची ती पानं, पण खिशातच ठेवा.

तुम्हालाही एक सावधगिरी: फियाटमध्ये १०चा बोल्ट १.२५ आणि १.५ अशा दोन्ही आट्यांचा सापडू शकतो. दोन्ही मिलिमीटरचेच, तरी एकमेकांत जात नाहीत.

निवृत्त टर्नर (भोसरी)

छत्तीस वर्षं लेथवर काढली. मुलांनो, तुमचा उत्साह बघून बरं वाटतं. पण लेथवर केलेला बोल्ट कुठे लावायचा आणि कुठे नाही हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

कारखान्यातला चांगला बोल्ट कापून करत नाहीत. त्याचं डोकं ठोकून घडवतात आणि आटे दाबून उमटवतात. पोलादाचे तंतू आट्याच्या वळणाबरोबर वळतात, तुटत नाहीत. आपण लेथवर टूल लावतो तेव्हा तेच तंतू कापतो, आणि आट्याच्या तळाशी तीक्ष्ण कोपरा राहतो. ताणाला तो बोल्ट पुरेल, पण रोजच्या हादऱ्यांनी तडा त्याच कोपऱ्यात सुरू होतो. बाहेरून काही दिसत नाही.

म्हणून स्टिअरिंगचे सांधे, ब्रेक, चाकं, पुढचं सस्पेन्शन, स्प्रिंगच्या पाट्यांचे यू-बोल्ट, सीटबेल्ट. इथे घरचा बोल्ट नको. डोक्यावर ८.८ किंवा १०.९ छापलेला, चांगल्या दुकानातला, बिलासकट घ्या. ८.८चा अर्थ असा की तुटायला चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन लागतात, आणि त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत, म्हणजे ६४०पर्यंत, तो कायमचा ताणला जात नाही. काळ्या बारातून काढलेल्या बोल्टवर कुणी आकडा छापत नाही, कारण कुणालाच तो आकडा माहीत नसतो.

लांबी जास्त असेल तर कापा, पण आटे नसलेला भाग सांध्याच्या जोडावर आला पाहिजे. जोडावर आटे आले तर बोल्ट तिथेच कातरला जातो. माझ्या डोळ्यांसमोर एका ट्रकचा गेलाय. माणसं वाचली, एवढंच.

बिजागरी, काच वरखाली करायचा हँडल, सीट, बॉनेटची कडी, दिव्यांची चौकट, हे सगळं बिनधास्त करा.

डिलाइटवाला

काका, मनापासून आभार. मी मागच्या पाट्यांच्या शॅकलच्या, म्हणजे पाट्याचं टोक धरणाऱ्या झुलत्या कडीच्या, पिनाही करून घेणार होतो. आता त्या थांबवतो. तुमचं मत हवंय: शॅकल पिन ही बोल्ट की बिजागरी?

निवृत्त टर्नर

चांगला प्रश्न. ती दोन्ही आहे. फिरते म्हणून बिजागरी, आणि तुटली तर मागचा ॲक्सल सरकतो म्हणून बोल्टपेक्षा जास्त जोखमीची. ती करायचीच असेल तर ईएन २४ जातीचं पोलाद घ्या, बारचं टेस्ट सर्टिफिकेट मागा, उष्णतेची प्रक्रिया व्यवसाय म्हणून करणाऱ्यांकडून करून घ्या, कडकपणा मोजून आणा. खांद्याशी जिथे जाडी बदलते तिथे काटकोन ठेवू नका, गोलाई द्या. आणि शेवटी तडा तपासायची डाय पेनिट्रंट फवारून बघा, लाल रेघ उमटली तर ती पिन भंगारात. एवढं करायची तयारी नसेल तर शोधत राहा.

रत्नांग्रीकर

आमच्याकडे खारा वारा. मी माझ्या पद्मिनीचे दिसणारे सगळे नट-बोल्ट स्टेनलेसचे केले होते. दोन पावसाळ्यांनंतर बोल्ट चकाचक, पण त्यांच्या भोवतीचं ॲल्युमिनियम पांढरी पूड होऊन झडलं. दोन धातू, मध्ये खारं पाणी, की कमकुवत धातू खाल्ला जातो. आता ॲल्युमिनियममध्ये झिंक चढवलेला साधा बोल्ट आणि आट्यांना ग्रीस, एवढंच करतो.

शिवाय स्टेनलेसचा बोल्ट ताकदीला मोठा असतो हा समज काढून टाका. दुकानात सहज मिळतो तो ए२-७० : तुटायला ७००, आणि ताणायला ४५०च. वर काकांनी ८.८चे आकडे दिलेत, ताडून बघा. स्टेनलेसमध्ये स्टेनलेसचा नट कोरडा आणि जोरात फिरवला तर मध्येच चिकटतो तो कायमचा. करवतीने कापावा लागतो.

नवखा हौशी (सातारा)

माझ्याकडे जुने मूळ नट-बोल्ट डबाभर आहेत, पण गंजलेले. फेकून नवे घेऊ की वाचवू? घरी काय करता येईल?

जीपताई

फेकू नका. बादलीत पाणी, त्यात धुण्याचा सोडा, लिटरला एक मोठा चमचा. बारा व्होल्टचा बॅटरी चार्जर. गंजलेला भाग ऋण टोकाला, भंगारातला लोखंडी पत्रा धन टोकाला, दोघांनी एकमेकांना शिवायचं नाही. रात्रभरात गंज काळ्या चिखलासारखा सुटतो, ब्रशने निघतो, आणि खालचं चांगलं लोखंड झिजत नाही. हे अंगणात किंवा गच्चीवर करा, कारण हायड्रोजन सुटतो. धन टोकाला स्टेनलेसचा चमचा वगैरे अजिबात लावू नका, त्यातून क्रोमियमचं विषारी पाणी होतं.

बाहेर काढल्यावर तासाभरातच पुन्हा तांबूस होतो. लगेच गरम पाण्याने धुऊन, वाळवून तेल लावा.

निवृत्त टर्नर

ताईंनी बरोबर सांगितलं. त्याला एक जोड. हाच हायड्रोजन कडक पोलादात शिरतो आणि ते ठिसूळ करतो. साध्या बोल्टला काही होत नाही. १०.९, १२.९ आणि स्प्रिंगचं पोलाद मात्र ॲसिडमध्ये किंवा झिंक प्लेटिंगला गेलं की लगेच, चार तासांच्या आत, २०० अंशांच्या आसपास भट्टीत ठेवून किमान चार तास तापवावं लागतं. नाहीतर आवळून ठेवलेला बोल्ट दुसऱ्या दिवशी आपोआप तुटतो. तुमच्या त्या क्लिपाही स्प्रिंगच्याच आहेत, हे लक्षात ठेवा.

डिलाइटवाला

क्लिपांचा वृत्तान्त. उद्यमनगरी दादांच्या सांगण्यावरून गाठीची पट्टी मिळवली. पहिल्या बारा क्लिपांपैकी सात वाकवतानाच तुटल्या. तासभर डोकं खाजवलं. मी पट्टी वाचवायला क्लिपा आडव्या कापल्या होत्या, म्हणजे क्लिपेचे पाय पट्टीच्या रुंदीच्या दिशेने. पत्रा लांबीला लाटलेला असतो; लाटल्याच्या दिशेला समांतर घडी घातली की तो लाकडासारखा उभा फाटतो. दुसऱ्या खेपेला पाय लांबीच्या दिशेने ठेवले, तर एकही तुटली नाही.

आणखी दोन गोष्टी. घडी धारदार घालू नका. मी बारची कड पत्र्याच्या जाडीच्या तिप्पट गोलाईची केली. आणि कात्रीने कापलेली कड आधी कानशीने साफ करा, कारण तडा तिथल्याच बारीक खरखरीतून सुरू होतो. भिंग धरून तुटलेल्या क्लिपा पाहिल्या. पाच जणींचा तडा कडेच्या एखाद्या खरवडीपासूनच निघालेला दिसला.

प्लेटिंगला दिल्या नाहीत. झिंकच्या रंगात बुडवून वाळवल्या, पत्र्याला टेकणाऱ्या बाजूला पातळ रबर चिकटवलं. चौतीस क्लिपा बसल्या. क्रोम पट्टी हाताने ओढून पाहिली, हलत नाही.

मेकट्रॉनिक (पिंपरी)

गिअरच्या दांड्यांसाठी: लोक नायलॉनचा बुश करतात. नायलॉन पाणी पितं आणि फुगतं. उन्हाळ्यात अचूक बसवलेला बुश जुलैत जड जातो. डेलरिन या नावाने मिळणारा प्लास्टिकचा पांढरा किंवा काळा दांडा घ्या, तो पाणी फारच कमी पितो आणि लेथवर सुंदर कापला जातो. टूल धारदार हवं, आणि माप गार झाल्यावर घ्यायचं. कापताना तापतो, फुगलेला असतो.

हातगिअरला सांधे अनेक असतात. एका सांध्यात अर्धा मिलिमीटर ढिला म्हणजे काही वाटत नाही, पण सगळे मिळून स्टिअरिंगखालच्या दांड्याच्या टोकाला दोन बोटं खेळ होतो. एकच बुश बदलून फरक कळणार नाही, सगळे एकदम करा.

थ्रीडी प्रिंटर असेल तर आधी त्यावर छापून माप जमवा, मग डेलरिनमध्ये कापा. छापलेला तुकडाच कायमचा ठेवणार असाल तर पीएलए हे छपाईचं प्लास्टिक नको. ते साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड तिथपर्यंत जातो. माझ्या मित्राची काच फिरवायची मूठ खाली ओघळली होती.

उद्यमनगरी

मुठीवरून आठवलं. दाराची हँडलं, नावाची अक्षरं ही जस्ताच्या मिश्रधातूची असतात. फोड येऊन तुटली की वेल्डिंग होत नाही, वितळून जातात. आम्ही पितळेत ओतून देतो. मोडकं हँडल चिकटवून, पुट्टी भरून, घासून तेच वाळूत दाबायचं. पण पितळ गार होताना आकसतंय, शंभराला साधारण दीड. शंभर मिलिमीटरचं हँडल साडेअठ्ठ्याण्णवचं होऊन येतं आणि भोकं जुळत नाहीत. म्हणून टोकांना पुट्टी चढवून नमुना तेवढा मोठा करायचा, आणि भोकं ओतायची नाहीत, मागाहून दारावर ठेवून पाडायची. क्रोमच्या आधी पॉलिशमध्ये पण थोडं जातंय, ते धरून चाला.

नवखा हौशी

सीटखालचे चिकटवलेले नट कसे केले? माझे सगळे पत्र्यातून सुटून गोल फिरतायत.

डिलाइटवाला

खालचा पत्रा गंजून पातळ झालेला असतो, त्यामुळे नुसता नट पुन्हा चिकटवून टिकणार नाही. मी दोन मिमी जाड पत्र्याचा हाताएवढा तुकडा घेतला, त्यात भोक पाडून नट त्या तुकड्याला वेल्ड केला, आणि तो तुकडा खालून चांगल्या पत्र्यापर्यंत पोचेल असा लावला. ताण मोठ्या जागेवर पसरतो.

नट बिनमुलाम्याचा घ्या. झिंकवर वेल्डिंग केलं तर पांढरा धूर निघतो, त्याने रात्री थंडी-ताप भरतो. झिंकचाच नट असेल तर मुलामा आधी घासून काढा आणि दार उघडं ठेवा. नट जागेवर धरायला पितळेचा बोल्ट वापरा, ठिणग्या त्याला चिकटत नाहीत. आणि वेल्ड झाल्यावर टॅप (आतले आटे पाडायचं हत्यार) एकदा फिरवा. ८च्या साध्या आट्याला ६.८चं ड्रिल, ६ला ५चं, हे भिंतीवर लिहून ठेवलंय.

सीटबेल्टचा नट मात्र असा घरी करू नका, काकांनी वर सांगितलंच आहे.

रत्नांग्रीकर

एक कागदी प्रश्न. विंटेज नोंदणीत हे घरचं सामान आड येतं का?

डिलाइटवाला

२०२१च्या केंद्राच्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरची गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात 'व्हीए' येतं, नव्या नोंदणीला वीस हजार, दहा वर्षांची मुदत. अट आहे ती चॅसी, बॉडी, इंजिन मूळ रूपात असण्याची. पिना-बुश त्यात येत नाहीत. तरी मी जुनी प्रत्येक पिन, प्रत्येक तुटकी क्लिप पिशवीत घालून, वर चिठ्ठी लावून ठेवलीये: कुठून काढली, कुठे मोजली, नवी कशाची केली. पुढे कुणी ही गाडी उघडेल त्याला माझ्या मापांवर विसंबावं लागू नये.

काल चारही दारं लावली. ड्रायव्हरच्या बाजूचं दार एका बोटाने लागलं. आईने गाडीत बसून तीनदा उघड-बंद करून पाहिलं. डाव्या मागच्या दाराची वरची पिन अजून बाकी आहे, तिचं न झिजलेलं टोकच शिल्लक नाही. कुणाकडे डिलाइटची ती बिजागरी सुटी असेल तर डोक्याखालचं माप घेऊन इथे टाकाल का?

उद्यमनगरी

हाय आमच्याकडं एक, गिऱ्हाइकाची. शनिवारी उघडणार हाय. मायक्रोमीटर लावून टाकतो.